प्रवाळावरची धाड: काटेरी तारामाशाचा साठ वर्षांचा हिशेब

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, केर्न्स शहरापासून 27 किलोमीटर आत समुद्रात ग्रीन आयलंड नावाचं छोटंसं बेट आहे. काचेच्या तळाच्या होडीत बसून खालचं प्रवाळ पाहायला पर्यटक इथे फार पूर्वीपासून येत. 1962 साली या बेटाभोवती एका काटेरी तारामाशाच्या झुंडी दिसू लागल्या. ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ या नावाने जगभर ओळखला जाणारा हा प्राणी तोवर दुर्मीळ समजला जाई. काही वर्षांतच त्याने ग्रीन आयलंडच्या प्रवाळाचा मोठा भाग खाऊन संपवला. त्यानंतर 1979, 1993 आणि 2010च्या सुमारास ग्रेट बॅरियर रीफ या तिथल्या विशाल प्रवाळभित्तीवर अशा उद्रेकांच्या आणखी तीन लाटा आल्या. साठ वर्षं उलटली, ढीगभर संशोधन झालं, लाखो तारामासे मारले गेले. तरी उद्रेक मुळात का होतात यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. असं असूनही काय करायला हवं हे मात्र आता बरंच स्पष्ट झालं आहे, असं माझं मत आहे.

आधी हा प्राणी नीट ओळखून घेऊ. आपल्या डोळ्यांसमोर येणाऱ्या पाच हातांच्या तारामाशाशी याचं फारसं साम्य नाही. याला आठपासून एकवीसपर्यंत हात असतात. मोठा तारामासा जेवणाच्या ताटाएवढा भरतो, काही त्याहूनही मोठे होतात. पाठीवर चार-पाच सेंटिमीटर लांबीचे विषारी काटे असतात. ते टोचले तर तीव्र वेदना, सूज आणि उलट्या होतात. वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं आणि पुढची अडीचशे वर्षं हिंदी महासागरापासून प्रशांत महासागरापर्यंत सगळीकडे एकच जात आहे असं मानलं गेलं. 2008 साली जनुकीय तपासणीतून चार वेगळे वंश निघाले: उत्तर हिंदी महासागरातला, दक्षिण हिंदी महासागरातला, तांबड्या समुद्रातला आणि प्रशांत महासागरातला. लिनियसने दिलेलं ‘अकँथास्टर प्लँसी’ हे नाव आता उत्तर हिंदी महासागरातल्या, म्हणजे आपल्या समुद्रातल्या जातीकडे आलं आहे. ऑस्ट्रेलियात ज्याच्यावर इतका अभ्यास झाला तो प्रशांत महासागरातला तिचा भाऊबंद आहे. ऑस्ट्रेलियातले निष्कर्ष लक्षद्वीपला किंवा मालदीवला जसेच्या तसे लावता येत नाहीत, त्याचं हे एक कारण.

त्याची खाण्याची रीत विलक्षण आहे. तो प्रवाळावर चढतो, आपलं जठर तोंडातून बाहेर काढून प्रवाळावर पसरतो, पाचक रस सोडून जिवंत थर तिथेच विरघळवतो आणि शोषून घेतो. काही तासांनी तो पुढे सरकतो तेव्हा मागे पांढराशुभ्र चुनखडीचा सांगाडा उरतो. त्यावर काही दिवसांत शैवाल चढतं आणि पांढरा रंग हिरवट-करडा होतो. एक प्रौढ तारामासा वर्षभरात पाच ते दहा चौरस मीटर प्रवाळ फस्त करतो. फांद्याफांद्यांचं, भरभर वाढणारं अ‍ॅक्रोपोरा जातीचं प्रवाळ त्याला विशेष आवडतं; पोराइट्ससारख्या भरीव, सावकाश वाढणाऱ्या प्रवाळाकडे तो सहसा शेवटी वळतो. म्हणून तारामासे थोडे असतील तर ते प्रवाळभित्तीचं भलंही करतात. जोमाने पसरणाऱ्या प्रवाळाला ते छाटतात आणि हळू वाढणाऱ्यांना जागा मिळते. हा प्राणी परका नाही, रोगही नाही. तो भित्तीचा जुना रहिवासी आहे. घात होतो तो संख्येमुळे. एका हेक्टरमध्ये पंधराहून अधिक तारामासे झाले की ऑस्ट्रेलियात त्याला उद्रेक म्हणतात, कारण तेवढे झाले की प्रवाळाच्या वाढीपेक्षा खाण्याचा वेग जास्त होतो.

ही संख्या किती लवकर वाढू शकते याचं उत्तर त्याच्या प्रजननात आहे. मोठी मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडते. नर-मादी जवळजवळ असतील तर पाण्यात सोडलेली बहुतेक अंडी फळतात. विखुरलेले असतील तर हे प्रमाण घसरत जातं. फळलेल्या अंड्यांतून निघालेले डिंभक दोन ते चार आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात, सूक्ष्म शैवालावर पोसतात आणि मग भित्तीच्या तुटक्या तुकड्यांमध्ये तळाशी बसतात. तिथे मिलिमीटरभरही नसलेलं पिल्लू तयार होतं. ते लगेच प्रवाळ खात नाही. निदान काही महिने ते चुनखडीयुक्त गुलाबी शैवाल खाऊन राहतं आणि मग प्रवाळाकडे वळतं.

इथे 2020 साली एक मोठी भर पडली. सिडनी विद्यापीठाच्या मारिया बर्न यांच्या गटाने प्रयोगशाळेत दाखवलं की प्रवाळ मिळालं नाही तर ही पिल्लं शैवालावरच साडेसहा वर्षांपर्यंत थांबू शकतात आणि प्रवाळ मिळताच वाढू लागतात. या शोधाने जुने हिशेब डळमळले. एखाद्या प्रवाळखडकावर अचानक दिसलेली झुंड एकाच वर्षाच्या अंड्यांतून आली असं गृहीत धरून त्या वर्षीच्या पुराशी किंवा दुष्काळाशी तिचा संबंध जोडला जाई. प्रत्यक्षात ती अनेक वर्षं साचत आलेली असू शकते. आणखी काळजीची गोष्ट म्हणजे याच गटाने 2023 साली दाखवलं की प्रवाळाला मारणारी समुद्री उष्णतेची लाट ही पिल्लं सोसून जातात. गरम पाण्याने भित्ती मेली, तिचे तुकडे पडले, त्यांवर शैवाल वाढलं, तर पिल्लांना अन्न आणि आसरा दोन्ही मिळतं. काही वर्षांनी प्रवाळ पुन्हा उगवलं की ती बाहेर यायला तयार असतात.

आता नुकसानीकडे वळू. ग्वाम बेटावर 1960च्या दशकाच्या अखेरीस अडीच वर्षांत 38 किलोमीटर किनाऱ्यालगतचं सुमारे 90 टक्के प्रवाळ तारामाशांनी मारल्याची नोंद रिचर्ड चेशर यांनी 1969 साली केली. प्रशांत महासागराच्या सगळ्या भित्ती धोक्यात आहेत अशी घबराट तेव्हा पसरली. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावर 2006 ते 2010 या काळात बाहेरच्या उतारावरचं प्रवाळ सुमारे 40 टक्क्यांवरून पाच टक्क्यांच्या खाली आलं आणि त्याच सुमारास आलेल्या ‘ओली’ वादळाने उरलेले सांगाडेही झोडपून काढले. मालदीवमध्येही 2013च्या आसपास उद्रेक झाला.

ग्रेट बॅरियर रीफचा हिशेब सर्वांत पक्का आहे. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सच्या शास्त्रज्ञांनी 214 खडकांवरच्या 2,258 पाहण्या एकत्र केल्या आणि 2012 साली निष्कर्ष मांडला: 1985 ते 2012 या 27 वर्षांत जिवंत प्रवाळाचं आच्छादन 28 टक्क्यांवरून 13.8 टक्क्यांवर आलं. या घटीपैकी 48 टक्के वाटा चक्रीवादळांचा, 42 टक्के काटेरी तारामाशांचा आणि 10 टक्के उष्णतेमुळे प्रवाळ पांढरं पडण्याचा होता. त्याच अभ्यासातलं एक विधान मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तारामासे नसते तर वादळं आणि उष्णता सोसूनही प्रवाळाचं आच्छादन दरवर्षी 0.89 टक्क्यांनी वाढलं असतं. वादळ कुणाला थांबवता येत नाही. समुद्राचं तापमान एका देशाच्या हातात नाही. तारामाशाला मात्र पाणबुड्या हाताने गाठू शकतो. धोरणाचा सगळा विचार या फरकावर उभा राहायला हवा.

हे आकडे 2012चे आहेत हेही लक्षात ठेवावं लागतं. 2016च्या उष्णतेच्या लाटेने एकट्याने ग्रेट बॅरियर रीफच्या उथळ पाण्यातलं सुमारे 30 टक्के प्रवाळ मारलं. नंतर 2017, 2020, 2022 आणि 2024 मध्येही प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. मधल्या काळात भित्तीने झपाट्याने भरही धरली होती. पण ती भर बहुतांशी अ‍ॅक्रोपोराची, म्हणजे तारामाशाच्या सर्वांत आवडत्या खाद्याची होती. 2025च्या पाहणीत उत्तर आणि दक्षिण विभागांत 39 वर्षांतली सर्वांत मोठी वार्षिक घट नोंदली गेली. तिचं मुख्य कारण उष्णता हेच होतं. वादळं आणि तारामासे यांनी तिच्यात भर घातली.

कारणांचा वाद तीन बाजूंनी चालतो.

पहिली बाजू म्हणते, हे निसर्गचक्रच आहे. 1980च्या दशकात काही शास्त्रज्ञांनी भित्तीच्या तळाशी साचलेल्या गाळातून तारामाशांच्या काट्यांचे जुने अवशेष काढले आणि हजारो वर्षांपासून हा प्राणी इथे मुबलक असल्याचा दावा केला. गाळात खेकडे आणि इतर प्राणी सतत उलथापालथ करत असल्यामुळे या अवशेषांवरून जुन्या काळातले वेगवेगळे उद्रेक ओळखता येतात का, यावर तेव्हाच आक्षेप आला. मला हा पुरावा अपुरा वाटतो. प्राणी पूर्वीही होता एवढं त्यातून कळतं. दर पंधरा-सतरा वर्षांनी उद्रेक होत असत असं त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरी बाजू जमिनीवरून वाहून येणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवते. 1982 साली चार्ल्स बर्कलंड यांनी दाखवलं की प्रशांत महासागरातल्या डोंगराळ बेटांवर कोरड्या काळानंतर जोराचा पाऊस झाला की साधारण तीन वर्षांनी उद्रेक दिसतो आणि सपाट प्रवाळबेटांवर तो क्वचित दिसतो. पुराबरोबर पोषक द्रव्यं समुद्रात येतात, सूक्ष्म शैवाल फोफावतं आणि एरवी उपाशी मरणारे डिंभक जगतात, असा हा तर्क. क्वीन्सलंडच्या किनारपट्टीवर मैलोन्‌मैल उसाची शेती आहे आणि तिथल्या नद्यांतून नत्रयुक्त खतं समुद्रात जातात. कॅथरिना फॅब्रिशियस आणि सहकाऱ्यांनी 2010 साली प्रयोगातून दाखवलं की पाण्यातलं हरितद्रव्य दुप्पट झालं की डिंभकाची वाढ पूर्ण होण्याची शक्यता सुमारे आठपट होते. ऊस, खत आणि पूर यांचं हे गणित महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. पण या तर्कातही छिद्रं आहेत. पुढच्या प्रयोगांत डिंभक अगदी कमी अन्नावरही तग धरतात असं दिसलं. शिवाय किनाऱ्यापासून शंभर-दोनशे किलोमीटर दूर, नदीचं पाणी क्वचितच पोचतं अशा स्वेन खडकांवरही तारामासे वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेले आहेत.

तिसरी बाजू शत्रू नाहीसे झाल्याचं सांगते. क्वीन्सलंड विद्यापीठाचे रॉबर्ट एन्डीन यांनी 1960च्या दशकातच हा इशारा दिला होता. ट्रायटन हा मोठा सागरी शंख प्रौढ तारामाशाला पकडून खातो. देखण्या कवचासाठी त्याची बेसुमार वेचणी झाली आणि म्हणून तारामासे वाढले, असं त्यांचं म्हणणं होतं. शंख आठवड्याला जेमतेम एखादा तारामासा खातो, तेव्हा एवढ्याने कोट्यवधींना आवर कसा बसेल, असं म्हणून अनेकांनी ते बाजूला सारलं. एन्डीन यांचा शंखावरचा भर कदाचित जास्त होता. शिकारी प्राणी काढून घेतले की तोल जातो हा त्यांचा मूळ मुद्दा मात्र पुढच्या संशोधनाने उचलून धरला. 2008 साली ह्यू स्वेटमन यांनी मध्य पट्ट्यातल्या खडकांचे आकडे तपासले, तेव्हा मासेमारीला खुल्या असलेल्या खडकांवर उद्रेकांचं प्रमाण बंदी असलेल्या खडकांच्या 3.75 पट निघालं. फ्रेडरिके क्रून यांच्या गटाने माशांच्या विष्ठेतला आणि आतड्यांतला डीएनए तपासला, तर 18 जातींच्या माशांनी तारामासे खाल्ल्याचं दिसलं. त्यांतल्या नऊ जातींबद्दल आधी कुणाला कल्पनाही नव्हती. 2021 साली याच गटाने तीन दशकांच्या नोंदी जोडून दाखवलं की मासेमारी चालते त्या खडकांवर तारामाशांची घनता 2.8 पट असते. छोट्या खेकड्यांचाही वाटा आता पुढे येतो आहे. तुकड्यांत लपलेली पिल्लं ते मोठ्या प्रमाणावर खातात.

माझा कल या तिसऱ्या बाजूकडे आहे, पण दुसरीला सोडून नाही. दोन्हींची सांगड घातली की चित्र जुळतं: वाहून आलेल्या खतामुळे जास्त डिंभक तगतात, आणि मासे कमी झालेले असल्याने तगलेल्यांना आवर घालणारं कुणी उरत नाही. दोन्ही गोष्टी माणसाने केल्या आहेत आणि दोन्ही माणसाला दुरुस्त करता येतात. ग्रेट बॅरियर रीफवर 2004 साली मासेमारीबंदीचं क्षेत्र पाच टक्क्यांहून कमी होतं ते 33 टक्क्यांवर नेलं गेलं. ते प्रवाळासाठी आणि माशांसाठी केलं होतं. तारामाशांना आवर घालण्यासाठीही ते उपयोगी पडलं, हे नंतर कळलं.

उद्रेक एकदा झाला की हाताने मारण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. या कामाचा इतिहास बराच काळ निराशेचा होता. जपानच्या र्‍युक्यू बेटांवर 1970 ते 1983 या काळात 60 कोटी येन खर्चून सुमारे 1 कोटी 30 लाख तारामासे काढले गेले, तरीही तिथलं बहुतेक प्रवाळ गेलं. मारणारे गावोगाव विखुरलेले होते, नगामागे पैसे मिळत होते, आणि एकाच खडकावर शेवटपर्यंत टिकून राहण्याची शिस्त नव्हती. मारणंही सोपं नव्हतं. मधोमध कापलेला तारामासा पुन्हा वाढू शकतो. सोडियम बायसल्फेटचं द्रावण वापरत तेव्हा एकाच प्राण्याला दहा ते पंचवीस वेळा सुई टोचावी लागे. जेम्स कुक विद्यापीठातल्या संशोधनातून बैलाच्या पित्तातल्या क्षारांचं इंजेक्शन पुढे आलं आणि एका टोचणीत काम होऊ लागलं. नंतर दिसलं की घरातलं व्हिनेगरही तेच काम करतं. छोट्या, गरीब बेटांसाठी हा शोध मोलाचा आहे. व्हिनेगर कुठल्याही दुकानात मिळतं आणि परवान्याची कटकट फारशी राहत नाही.

2012 पासून ग्रेट बॅरियर रीफवर प्रशिक्षित पाणबुड्यांच्या तुकड्यांनी दहा लाखांहून अधिक तारामासे मारले आहेत. पण यश त्या आकड्यात नाही, काम करण्याच्या पद्धतीत आहे. सुमारे 3,000 खडकांवर सगळीकडे जाता येत नाही. म्हणून ज्या खडकांवरून डिंभक दूरवर पसरतात आणि ज्यांचं प्रवाळ चांगलं आहे असे खडक निवडले जातात. त्या खडकावर तुकडी पुन्हापुन्हा जाते. मिनिटामागे सापडणाऱ्या तारामाशांची संख्या ठरलेल्या मर्यादेखाली आल्याशिवाय काम थांबत नाही. उरलेले प्राणी विखुरलेले राहिले की त्यांची अंडीही कमी फळतात. अशा खडकांवर प्रवाळ टिकलं, काही ठिकाणी वाढलंही, हे आता आकड्यांनिशी दिसलं आहे. तारामासा ओळखून इंजेक्शन देणारा पाण्याखालचा यंत्रमानव क्वीन्सलंड तंत्रज्ञान विद्यापीठाने 2015 साली दाखवला. 2017 साली या प्राण्याचा जीनोम वाचला गेला आणि एकमेकांना बोलावण्यासाठी तो पाण्यात सोडत असलेल्या प्रथिनांचा माग लागला. ट्रायटनचा नुसता वास आला तरी तारामासे पळ काढतात, हेही समजलं आहे. या वाटा आशेच्या आहेत; पण आज तरी सुई घेतलेल्या माणसाला पर्याय नाही.

हे सगळं उष्णतेपुढे फोल आहे, असं म्हणणारे आहेत. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. मोरेआचं प्रवाळ उद्रेक आणि वादळ यांच्या दुहेरी घावानंतरही पुढच्या दशकात वेगाने परतलं, कारण मधल्या काळात त्याला उसंत मिळाली. उष्णतेच्या लाटा जवळजवळ येऊ लागल्या असताना ही उसंत देणं एवढंच माणसाच्या हाती आहे. तारामासे मारून हवामानबदल थांबणार नाही आणि तसं सांगून कुणी कार्बनची जबाबदारी टाळू नये. पण लाटेतून वाचलेलं प्रवाळ तारामाशांच्या तोंडी जाऊ देणं ही हेळसांड ठरेल.

आपल्या देशात या प्रश्नाचं घर लक्षद्वीप आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस मिनिकॉयच्या प्रवाळावर या तारामाशाची नोंद केली होती; अंदमानातही तो आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळाला खरा मार बसला तो 1998, 2010 आणि 2016च्या उष्णतेच्या लाटांचा. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या दीर्घ पाहणीनुसार अगत्ती, कडमत आणि कवरत्ती इथलं आच्छादन 1998 मधल्या सुमारे 37 टक्क्यांवरून 2022 पर्यंत 19 टक्क्यांवर आलं. इतक्या कमी उरलेल्या प्रवाळावर उद्रेक झाला तर त्याची किंमत फार मोठी असेल. लक्षद्वीपची एक जमेची बाजू आहे. तिथले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या खुल्या समुद्रात गळाने कुप्पा (ट्यूना) पकडत आले आहेत, त्यामुळे भित्तीवरचे मासे बऱ्याच अंशी राखले गेले. अलीकडे मात्र भित्तीवरच्या माशांना मागणी वाढते आहे. बित्रा बेटाजवळ हेकरूच्या एका जातीचे मासे अंडी घालायला हजारोंनी जमतात. कोरल ट्राउट हा ग्रेट बॅरियर रीफवर सर्वाधिक पकडला जाणारा मासा त्यांच्याच वंशातला आहे. मासे उपसले की काय होतं हे ऑस्ट्रेलियाने दाखवून दिलं आहे, आणि आपल्याला तो धडा फुकट मिळतो आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. 2001 पासून भित्ती बांधणारं प्रवाळ आणि ट्रायटन शंख हे दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. तेव्हा किनाऱ्यावरच्या दुकानात बदामी-तपकिरी ठिपक्यांचा मोठा शंख शोभेची वस्तू म्हणून समोर आला तर तो घेऊ नका, आणि विकणाऱ्याची तक्रार वनखात्याकडे करा. लक्षद्वीपला पाण्यात उतरलात आणि काटेरी तारामासा दिसला तर जागा, खोली आणि संख्या टिपून ठेवा, फोटो घ्या, हात लावू नका आणि स्थानिक पाणबुडी केंद्राला कळवा. सरकारकडे मागणी साधी आहे: लक्षद्वीपच्या प्रत्येक बेटाभोवती दरवर्षी या तारामाशांची मोजणी व्हावी, ती तिथल्याच मच्छीमारांनी आणि पाणबुड्यांनी करावी आणि तिचे आकडे सर्वांसाठी खुले असावेत. त्याचबरोबर विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटरवर पाण्याखाली असलेल्या आंग्रिया बँकेच्या प्रवाळाचीही नियमित पाहणी सुरू करावी. ग्रीन आयलंडवर झुंडी दिसल्या तेव्हा आधीच्या वर्षांची मोजणी कुणाकडेच नव्हती. त्या उद्रेकाचं कारण आजही नक्की सांगता येत नाही.